वारा अडवणारी माणसे

सायकल हे आपल्याकडे गरिबाचे वाहन. पोस्टमनला, दूधवाल्याला, शाळामास्तरला पोटासाठी हिंडवणाऱ्या या दोन चाकांवर एखादे राष्ट्र दर जुलैत तीन आठवडे जीव टांगून बसते, हे सांगून खरे वाटणार नाही. ते राष्ट्र फ्रान्स आणि ती शर्यत म्हणजे ‘टूर द फ्रान्स’.

तिचा जन्म झाला तो वृत्तपत्राच्या खपासाठी. ‘लोतो’ या क्रीडापत्राचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ साली ती प्रथम भरवली. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर अंतर. साठ स्वार निघाले आणि एकवीस शेवटास पोहोचले. मोरिस गारँ पहिला आला. पत्राचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीच्या स्वाराला पिवळा सदरा मिळू लागला. आता टप्पे एकवीस झाले आहेत आणि वाट आल्प्स व पिरेनीज या पर्वतांमधून जाते. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्यास ‘घाटांचा राजा’ म्हणतात, तसा मान तेथेही आहे.

शर्यतीचा हिशेब मात्र समजून घेण्याजोगा आहे. रोजचा विजेता निराळा असू शकतो. अखेरचा विजेता तो, ज्याच्या सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज सर्वांत कमी. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड १९९० साली एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकला होता!

सपाटीवर स्वाराचा खरा वैरी असतो वारा. पुढच्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे सुमारे एक-तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून संघातील आठांपैकी बहुतेक जण एकासाठी झिजतात. ते त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घेतात, मागच्या मोटारीतून पाण्याच्या बाटल्या आणून देतात, तो मागे पडला तर थांबून त्याला पुन्हा घोळक्यात आणून सोडतात. फ्रेंच भाषेत अशा स्वारास जो शब्द आहे, त्याचा अर्थ सरळ ‘घरगडी’ असा होतो. १९११ साली मोरिस ब्रोको हा स्वार दुसऱ्यांना साह्य करण्यास निघाला, तेव्हा देग्रांज यांनी हा शब्द त्याला तुच्छतेने लावला होता. प्रत्येकाने एकट्याच्या बळावर लढावे, असा त्यांचा आग्रह असे. पण १९३० साली राष्ट्रीय संघ आले आणि कालचा अपराध आजचे कर्तव्य ठरला.

त्या कर्तव्याची कसोटी १९३४ साली लागली. फ्रान्सच्या संघात रने व्हिएत्तो नावाचा अवघा वीस वर्षांचा पोर होता. घाट चढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पिवळा सदरा होता त्याच्याच संघातील आंतोनँ मान्ये याच्या अंगावर. पिरेनीजमधील एका उतारावर मान्येचे पुढचे चाक मोडले. व्हिएत्तोने आपले चाक काढून दिले, आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून तो रडला. दुसऱ्या दिवशी मान्ये पुन्हा अडला. पुढे गेलेला व्हिएत्तो मागे वळला, उतरलेला घाट परत चढला आणि त्याच्या मदतीस धावला.

मान्ये जिंकला. व्हिएत्तो पाचवा आला. घाटांचा राजा मात्र तोच ठरला. पुढे १९३९ साली तो दुसरा आला. १९४७ साली पिवळा सदरा बरेच दिवस त्याच्या अंगावर होता, तोही अखेरीस निसटला. ही शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही. तरीही कठड्यावर रडणाऱ्या त्या पोराचे छायाचित्र फ्रान्स विसरला नाही.

एखादा चिकित्सक म्हणेल, तो १९३४ साली मान्येच्या जवळजवळ एक तास मागे होता. चाक दिले नसते तरी जिंकला नसता. गणित बरोबर आहे. पण हुकलेल्या बक्षिसाने त्यागाचे मोल करावयाचे नसते. त्या क्षणी त्याच्याजवळ जे होते, ते त्याने दिले.

आणि तो रडला, हे मला अधिक मोलाचे वाटते. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना त्याग शिकवतो, तो हसतमुखाने करावा असेही बजावतो. व्हिएत्तोने चाक दिले आणि अश्रूही लपवले नाहीत. देणाऱ्याला दुखते, हे घेणाऱ्याने पाहिलेच पाहिजे.

आपल्या घराघरांतून असे व्हिएत्तो होऊन गेले आहेत. धाकट्याच्या फीसाठी स्वतःचे शिक्षण सोडणारा थोरला भाऊ, भावंडांची लग्ने होईपर्यंत नोकरी करीत राहिलेली ताई. वारा त्यांनी अंगावर घेतला, सदरा दुसऱ्याला मिळाला. टूरच्या विजेत्याने बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटून टाकावी, अशी जुनी प्रथा आहे. आपल्या घरात त्या थोरल्यांच्या वाट्याला काय आले, हे एकदा विचारून पाहावे. आणि ते हयात आहेत तोवरच पाहावे.