‘ह्यांचं नाव आलं होतं’

बँकेतल्या नोकरीत मला सर्वांत आवडलेले काम म्हणजे पडेगावच्या शाखेतले लेजर सांभाळणे. १९८५च्या सुमाराची ही गोष्ट. पडेगाव छावणीच्या शेजारचे. त्यामुळे खातेदारांत फौजींची कुटुंबे बरीच. हिशेब सगळा हाताने. बचत खात्याचे व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर निघे. म्हणून दहाच्या आत पैसे भरायला झुंबड उडे.

संध्याकाळी लेजर जुळवायला बसलो की एकजण नाव आणि शिल्लक पुकारी, दुसरा मांडत जाई. कोपऱ्यात शिपाईमामांचा ट्रान्झिस्टर. सातच्या बातम्यांनंतर विविध भारतीवर ‘जयमाला’ लागे. फौजी भाईंच्या फर्माईशींचा कार्यक्रम. तिथेही आधी नावे, मग रफी, लता नाहीतर किशोर.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर एखादी बाई विचारी, “साहेब, राती रेडिओवर ह्यांचं नाव आलं होतं. पैसे आले का?” पत्र कधीचेही असो, घरी ती खुशालीच वाटे. नवऱ्याचे नाव ती घेणार नाही. ‘हे’ म्हणजे कोण, ते आम्हाला ठाऊक असावे लागे.

पुढे संगणक आले. २०१०पासून व्याज रोजच्या शिलकीवर मिळू लागले. खातेदाराचा फायदाच झाला. गाणीही आता मोबाइलवर हवी तेव्हा मिळतात. तक्रारीला जागा नाही. पण बँकेच्या मेसेजात खात्याचे शेवटचे आकडे येतात आणि मोबाइलवरच्या गाण्याआधी कुणाचेच नाव येत नाही. त्या बाईने आज विचारले, तर ‘हे’ कोण ते कुणाला कळणार?