मूत्रमार्ग संक्रामण, पुनरावर्ती
वृक्क (मूत्रपिंड), मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रनलिका यांपैकी कोठेही सूक्ष्मजंतूंचे संक्रामण सहा महिन्यांत किमान दोनदा अथवा वर्षात किमान तीनदा झाल्यास त्यास पुनरावर्ती म्हणतात. लघवीस जळजळ, वारंवार व तातडीची भावना आणि ओटीपोटात दुखणे ही मुख्य लक्षणे होत. थंडी वाजून ताप व कुशीत वेदना असल्यास वृक्क बाधित झाल्याचा संभव असतो व तातडीने उपचार करावे लागतात.

कारणे : बहुतेक रुग्णांत आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय हा जंतू मूत्रनलिकेतून वर चढतो. ही नलिका स्त्रियांत सु. ४ सेंमी., तर पुरुषांत सु. २० सेंमी. लांब असते, म्हणून स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. उपचारानंतर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू पुन्हा आढळल्यास मूळ संक्रामण गेलेले नसते. अशा वेळी अश्मरी (मुतखडा), मूत्रप्रवाहातील अडथळा किंवा अष्ठीला ग्रंथीचा विकार शोधतात. त्यानंतरचे संक्रामण बहुधा नवे असते.

धोका वाढविणारे घटक : लैंगिक संबंध, शुक्रजंतुनाशक द्रव्ये, ऋतुनिवृत्ती, मधुमेह, मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे व कॅथेटर हे प्रमुख घटक होत. पूर्व विदर्भात आढळणाऱ्या दात्रकोशिका रोगातही (सिकलसेल) हा धोका वाढतो. गोरेगाव (जि. गोंदिया) सारख्या भातशेतीच्या भागात रोवणीच्या हंगामात स्त्रिया दिवसभर बांधीत राबतात. जवळ आडोसा नसल्यास पाणी कमी पिणे व लघवी रोखून धरणे भाग पडते. हेही जंतूंच्या वाढीस अनुकूल ठरू शकते.

उपचार व प्रतिबंध : औषध सुरू करण्यापूर्वी मूत्राचे संवर्धन करून जंतू कोणत्या औषधास दाद देतो हे पाहणे महत्त्वाचे असते. मूत्राशयापुरत्या संक्रामणात नायट्रोफ्युरँटॉइन वा फॉस्फोमायसीन वापरतात. उरलेल्या गोळ्या घेणे किंवा उपचार अर्धवट सोडणे घातक असते. भारतात अनेक जंतू फ्लुओरोक्विनोलोन गटातील औषधांना दाद देत नाहीत. लक्षणे नसताना मूत्रात केवळ जंतू आढळल्यास गर्भिणी व मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हावयाची असलेले रुग्ण वगळता सामान्यतः औषध देत नाहीत. कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर जादा पाणी प्याल्यास पुनरावृत्ती सु. निम्म्याने घटते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. ऋतुनिवृत्तीनंतर योनिमार्गात लावावयाचे इस्ट्रोजेन उपयुक्त ठरते. एवढ्याने न भागल्यास वैद्यकीय देखरेखीखाली मेथेनामीन अथवा अल्प मात्रेतील प्रतिजैव औषध काही महिने देतात.