‘महल’ एक, पाहणारे अनेक

चित्रपट पाहून घरी परतलेल्या मंडळींना “कसा होता?” म्हणून विचारावे, आणि एकाच रांगेत शेजारी शेजारी बसून आलेल्या चौघांनी चार निरनिराळ्या चित्रपटांची हकीकत सांगावी, हा अनुभव वाचकांपैकी पुष्कळांना असेल. चित्रपट साधा कौटुंबिक असला तर मतभेद फार तर नायिकेच्या पातळांवरून होतात. पण कथानकच धुक्यात गुरफटलेले असले, पडद्यावर दिसते ते खरे की नायकाचे स्वप्न हेच कळेनासे झाले, की घरात सरळ पक्ष पडतात. आमच्या घरात असे पक्ष ‘महल’वरून पडले. हा चित्रपट 1949 साली आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी शाळेत जाऊ लागलो तरी वाद मिटला नव्हता, आणि आता मूळचे वादी-प्रतिवादी बहुतेक निघून गेल्यावर पुढची पिढी तो चालवीत आहे.

आमचे घर साताऱ्याचे आणि आजोळ सांगलीचे. दोन्ही गावे कृष्णेच्या काठची. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. ज्या वर्षी ‘महल’ आला त्याच वर्षी सरकारने सातारा जिल्ह्याची दोन शकले करून सांगलीकडच्या भागाला ‘दक्षिण सातारा’ असे नाव दिले. ते 1960 पर्यंत टिकले. आपल्या गावाला दुसऱ्या गावाची दक्षिण बाजू म्हणावे, हे सांगलीकरांना कसे रुचणार? त्यामुळे साताऱ्याचा पाहुणा सांगलीला आला की मूळ भांडण जिल्ह्याचे, पण तोंडी विषय ‘महल’चा, असा प्रकार बरेचदा होई.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. अलाहाबादेस यमुनेच्या काठी ‘संगम भवन’ नावाची ओस पडलेली हवेली. शंकर हा तिचा नवा मालक तेथे राहायला येतो. म्हातारा माळी त्याला जुनी कहाणी सांगतो: ही वास्तू बांधणारा पुरुष नदीत बुडाला, आणि त्याची वाट पाहणारी कामिनीही मागोमाग गेली. तेवढ्यात शंकरला त्या पहिल्या मालकाची तसबीर सापडते, आणि पाहतो तो चेहरा हुबेहूब त्याचाच! मग रात्री-अपरात्री गाणे ऐकू येते, झोपाळ्यावर कोणी दिसते, जवळ जावे तर नाहीसे होते. शंकर वेडापिसा होतो. मित्र श्रीनाथ त्याला परोपरीने समजावतो, घरचे लोक रंजना नावाच्या मुलीशी त्याचे लग्न लावून देतात. पण बायकोला घेऊन तो दूर रानावनात जातो आणि तेथेही कामिनीचाच ध्यास घेऊन बसतो. शेवटी रंजना विष घेते आणि नवऱ्यावर आळ ठेवून प्राण सोडते. खटला उभा राहतो. आणि भर कोर्टात माळ्याची मुलगी आशा कबूल करते, की कामिनी म्हणून वावरत होते ती मीच!

कमाल अमरोहींचे हे दिग्दर्शनातले पहिले पाऊल. शंकर झाले अशोककुमार. कामिनी झाली मधुबाला, जेमतेम सोळा वर्षांची. कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थांच्या हाती होता. हिमांशु रायांनी 1934 मध्ये बॉम्बे टॉकीज काढली तेव्हापासूनचे ते तेथले तंत्रज्ञ. काळोखात एवढासा उजेड सोडून भिंतीवर भलीमोठी सावली पाडायची, ही जर्मन मूकपटांची विद्या त्यांना अवगत होती. संकलन बिमल रॉय यांचे. अशी माणसे एकत्र आल्यावर प्रेक्षक चकला नाही तरच नवल! चित्रपट त्या वर्षी जोरात चालला. लोक बुचकळ्यात पडत होते आणि पुन्हा तिकीट काढीत होते.

आता आमचे पक्ष ऐका.

पहिला पक्ष थोरल्या मामांचा. मामा सांगलीत वकिली करीत. त्यांच्या मते ‘महल’मध्ये गूढ म्हणून काही नाहीच. “आरोपीच्या पिंजऱ्यात कोण, साक्षीदार कोण, कबुलीजबाब कुणाचा, एवढे पाहा,” असे ते म्हणत. “माळ्याच्या मुलीने सोंग घेतले, भोळा इसम फसला, खटला संपला.” तसबिरीतला चेहरा शंकरसारखाच का, याचा उलगडा मात्र कोर्टातही होत नाही. तेवढे विचारले की मामा चष्मा पुसू लागत आणि म्हणत, “योगायोग. कायद्याला योगायोग मान्य आहे.”

दुसरा पक्ष साताऱ्याच्या आत्याचा. आत्याला त्या तसबिरीतच सगळे सार दिसले होते. “अहो, वकीलसाहेब, पुनर्जन्माशिवाय का असा चेहरा जुळतो? शेवटी शेवटी दिग्दर्शकच घाबरला आणि कोर्ट आणून मोकळा झाला!” असा तिचा शेरा. आत्याचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन गेला होता. दुसरा झाला तेव्हा त्याच्याही कपाळावर त्याच जागी तीळ निघाला. हे तिने ‘महल’च्या वादात कधीही पुढे केले नाही. पण घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते, आणि म्हणूनच मामा कितीही रंगात आले तरी आत्यापुढे उलटतपासणी एका मर्यादेपर्यंतच जाई.

मला वाटते, या दोघांचे भांडण समजायला सांगलीचाच एक धागा उपयोगी पडतो. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत संशयकल्लोळ’ 1916 साली रंगभूमीवर आले. त्यातही सारा घोटाळा एका तसबिरीनेच होतो. पण तेथे तसबीर कुणाची, कुणाकडून पडली, कुणाच्या हाती गेली, हे सारे प्रेक्षकांना आधीपासून माहीत असते. ठाऊक नसते ते फाल्गुनरावाला. म्हणून आपण त्याला हसतो. ‘महल’मध्ये अमरोहींनी नेमके उलटे केले. शंकरला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते, एक कणही जास्त नाही. तेव्हा आपण हसू शकत नाही. शंकरच्या शेजारी उभे राहून चाचपडतो. आणि काळोखात चाचपडणाऱ्याच्या हाताला आधी लागते ती आपलीच ओळखीची वस्तू. वकिलाच्या हाताला पुरावा लागला, आत्याच्या हाताला तीळ.

एक तिसरा पक्ष फक्त गाण्याचा होता. खेमचंद प्रकाशांच्या संगीतातले कामिनीचे ते गाणे दुरून जवळ येत जाते. लताबाईंनी पुढे सांगितले आहे, की तो परिणाम साधण्यासाठी त्या दूर उभ्या राहून गात गात मायक्रोफोनपाशी येत होत्या. पहिल्या ध्वनिमुद्रिकांवर गायिकेचे नाव नव्हते; छापले होते ‘कामिनी’! म्हणजे पडद्यावरचे गूढ तबकडीवरही उतरले. रेडिओवर हे गाणे लागले की ऐकणारे विचारू लागले, ही गाते कोण? मजा अशी, की मास्टर दीनानाथांच्या या मुलीच्या बालपणीची काही वर्षे सांगलीतच गेलेली. ज्या गावाने तिला परकऱ्या वयात पाहिले, तेथलेही लोक ‘ही कामिनी कोण बरे?’ म्हणून एकमेकांना विचारीत होते.

चौथा पक्ष एका माणसाचा होता, आणि तो कधी वादात उतरला नाही. वडिलांचे चुलते, आमचे नाना. त्यांचा वाडा साताऱ्याजवळच्या एका खेड्यात. 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाली, आणि मारेकरी ब्राह्मण म्हणून पुढच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या मुलखात ब्राह्मणांची घरे पेटवली गेली. कोल्हापूरचा भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीतून सुटला नाही. नानांचा वाडा गेला. त्यांच्या एका कुळाने देवघरातले देव घोंगडीत गुंडाळून बाहेर काढले आणि चार दिवसांनी रात्री साताऱ्याला आणून पोचते केले. नाना दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहू लागले.

पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आग्रहास्तव ते ‘महल’ पाहायला गेले. मंडळी कामिनीसाठी डोळे ताणून बसलेली, आणि नाना पाहत होते रिकामी हवेली: ओसाड दालने, वाऱ्याने हलणारी दारे, मालक नसताना राखण करणारा म्हातारा. घरी आल्यावर बाकीच्यांचा वाद रंगला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “माळ्याचे काम चांगले झाले आहे.” त्यानंतर आठवड्याभराने ते वाडा जळाल्यापासून पहिल्यांदाच गावी गेले, त्या कुळाला भेटले, आणि पडक्या वाड्याची मागची बखळ त्याच्या नावे करून देऊन आले. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे नाना कधी बोलले नाहीत. माझ्या वडिलांनी मात्र मला त्या नेहमी एका दमात सांगितल्या. फाळणीनंतर दोनच वर्षांनी, उत्तरेत हजारो घरांचे मालक बदललेले असताना हा चित्रपट आला, हे ध्यानात घेतले म्हणजे रिकामी हवेली पाहून गप्प होणारे नाना काही एकटेच नसतील असे वाटते.

राहता राहिल्या मामी. त्यांना या वादात कोणी मत विचारलेच नव्हते; त्या चहा देत. एका दिवाळीत, भडंगाची परात मध्ये ठेवून मामा साक्षीपुराव्यावर बोलत असताना, मामी दारातून म्हणाल्या, “त्या रंजनाचं कुणी काही बोलतच नाही.”

सगळे थांबले. मामी पुढे म्हणाल्या, “तुम्ही सगळे ती कामिनी खरी की खोटी ते बघत बसलात. मला त्यात काही रहस्य दिसलं नाही. नवरा घरात आहे आणि नाहीही, आणि आपलं काय चुकलं ते सांगायलाही कुणी नाही. ती बिचारी नणंदा-जावांना पत्रं लिहीत राहते. विष घेऊन नवऱ्यावर आळ घातला, ते वाईटच केलं. पण तोवर त्या घरात ती आहे हे कुणाच्या ध्यानात तरी आलं होतं का?”

मामांची कोर्टाची वेळ, पक्षकारांची वेळ, रात्री नाट्यमंडळींच्या तालमींची वेळ, सारे गावाला पाठ होते. मामी एरवी एवढे बोलल्याचे कुणाला आठवत नव्हते. मामांनी त्या दिवशी योगायोगाचा मुद्दा काढला नाही. नंतर पुष्कळ वर्षांनी माझ्या आईने सांगितले, की त्या दिवाळीनंतर मामा रात्रीच्या तालमीला जाताना मामींनाही बरोबर नेऊ लागले. मामींना नाटकातले कळते किती, हे नाट्यमंडळींना तेव्हा समजले.

कथेच्या दृष्टीनेही मामींचे म्हणणे निराधार नाही. शंकरची खटल्यातून सुटका होते ती रंजनाच्या उशिरा सापडलेल्या पत्रामुळे. म्हणजे जिच्याकडे नायकाने पाहिले नाही आणि प्रेक्षकांनीही पाहिले नाही, किल्ली तिच्याच हाती होती! पुढच्याच वर्षी, 1950 साली, जपानात कुरोसावांनी ‘राशोमोन’मध्ये एकाच घटनेच्या चार साक्षी चार तऱ्हांनी दाखवल्या आणि जगाने वाहवा केली. ते साक्षीदार पडद्यावर होते. आमचे चारही साक्षीदार माजघरात भडंग खात बसलेले असत.

आता पुढची पिढी. माझ्या भाच्याने ‘महल’ मोबाईलवर, मधून मधून थांबवीत, तीन दिवसांत पाहिला आणि “फार संथ आहे, मामा,” असा निकाल दिला. त्याच मुलाने उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ पाहिला तेव्हा मात्र दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. त्या चित्रपटात समीर आणि नचिकेत हे दोन मावसभाऊ. सुटीत आजोळी जमलेल्या गोतावळ्यात नचिकेत विहिरीत बुडून जातो. पाय घसरला की आपण होऊन गेला, हे चित्रपट सांगत नाही. समीर उत्तर शोधीत रानोमाळ भटकतो. भाच्याचे वडील म्हणाले, “शेवट केलाच नाही.” माझी बहीण म्हणाली, “मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? घर माणसांनी भरलेलं होतं, आणि त्या पोराच्या मनात काय आहे ते एकालाही कळलं नाही.” एवढे बोलून तिने मुलाला विचारले, “तू का गप्प आहेस रे?” तो म्हणाला, “होस्टेलवर एक मित्र आहे. तो असंच बोलतो.” त्याच रात्री त्या मित्राच्या घरी फोन गेला. तो मुलगा आज नोकरीला लागला आहे. दिवाळीला माझ्या बहिणीकडे फराळाला येतो.

तेव्हा न कळणाऱ्या चित्रपटांवर जे रागावतात त्यांचा मी अनादर करीत नाही. पैसे मोजून गोंधळ विकत का घ्यावा, हा प्रश्न रास्तच आहे, आणि काही चित्रपटांतले धुके केवळ आत काही नाही हे झाकण्यासाठीच असते. परंतु ज्या धुक्यात खरोखर वाट असते, तेथे प्रत्येकजण आपापल्या मनाच्या वाटेने चालतो, आणि कुठे जाऊन पोचला ते परत येऊन सांगतो. एरवी घरातली माणसे एकमेकांना मनातले थोडेच सांगतात? चित्रपटाच्या निमित्ताने बोलतात. कारण तेव्हा बोलणे आपल्याविषयी नसून कामिनीविषयी आहे, असे समजायची सोय असते.

या दिवाळीत घरी पाहुणे जमतील, फराळ होईल, आणि कोणीतरी चित्रपट लावील. तो कळला नाही तर फार मनाला लावून घेऊ नका. चहा झाल्यावर “तुला काय वाटलं?” असे एकेकाला विचारा. फक्त विचारताना, जी चहा घेऊन आली आहे तिच्यापासून सुरुवात करा.