पट सुटण्याआधी कॅमेरा लावा

मोर्शीच्या पोराला खेळाची बातमीदारी शिकायची तर एसटी अमरावतीचीच. १९८३चं संत गाडगे बाबा विद्यापीठ तिथं, भारतीय जनसंचार संस्थेचं विभागीय केंद्रही तिथंच. मैदानाचा वारसा त्याहून जुना. वैद्य बंधूंच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं (स्थापना १९१४) १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली होती.

खरी परीक्षा मात्र शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींचा कायदा वैध ठरवला. जोडी काही सेकंदांत पट संपवते, दुसरा टेक नाही! म्हणून एक मोबाइल शेवटच्या रेषेवर आधीच रोवायचा, दुसऱ्यावर जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा आवाज घ्यायचा. वेळ घड्याळवाल्याकडून ताडून घ्यायची. बैलांची नावं विसरलात, तर गाव माफ करत नाही.