सायकलची कुरकुर

पावसाळ्यात शहाडजवळ उल्हास नदी दुथडी भरून वाहू लागली, की आसपासच्या रस्त्यांवर चिखलपाणी साचते. ते सायकलच्या साखळीत व सांध्यांत शिरून वंगण धुऊन नेते आणि सायकल कुरकुरू लागते. मग पुष्कळ जण दिसेल तेथे तेल ओततात. वास्तविक आवाजाचे मूळ आधी शोधावयास हवे. त्या कामी नुसत्या कानावर विसंबू नये. सायकलचा सांगाडा पोकळ नळ्यांचा असल्यामुळे एकीकडचा आवाज दुसरीकडे झाल्यासारखा भासतो.

प्रथम बैठकीवरून किंचित उठून पायडल मारावे. कुरकुर थांबली, तर बैठकीखालील स्प्रिंगा व बोल्ट पाहावेत. तसे न झाल्यास पायडल मारणे थांबवून सायकल तशीच धावू द्यावी. आता आवाज बंद पडला, तर दोष पायडल किंवा साखळीकडे आहे. चालूच राहिला, तर चाकात किंवा मडगार्डात. मागील चक्राची टिकटिक तेवढी सोडून द्यावी, ती नेहमीचीच असते.

पुढील चक्राला ४८ व मागील चक्राला १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेरीत मागचे चाक अडीचपेक्षा अधिक वेळा फिरते. त्यामुळे दोहोंच्या आवाजाचा ताल निराळा पडतो. पायडलाच्या प्रत्येक फेरीत एकदाच 'कट्' असे वाजले, तर जुन्या धर्तीच्या सायकलीत कॉटर पिन तपासावी. पायडलाची दांडी आसाला घट्ट धरून ठेवणारी ही लहानशी पाचर होय. ती सैल झाली असता तेलाचा काही उपयोग नाही. ती ठोकून बसवावी व नट आवळावा. झिजली असल्यास बदलावी. नाही तर एखाद्या चढावर जोर देतानाच दांडी सरकते आणि स्वार कोसळतो.

साखळी कोरडी असेल, तर ती पुसून प्रत्येक कडीवर थेंबभर तेल सोडावे व वरचे तेल फडक्याने टिपून घ्यावे. चाकाच्या कडेवर मात्र एक थेंबही पडू देऊ नये. पावसात ब्रेकची पकड आधीच कमी झालेली असते. त्यात तेल लागले, तर रबर नुसते घसरत राहते.