छावणीतील गुरे : चाऱ्याइतकीच साथीची चिंता

दुष्काळाच्या दिवसांत साहाय्यास पुढे येणारे उदार सद्गृहस्थ आम्हांस बहुधा एकच प्रश्न करितात : "कडबा किती पाहिजे?" प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्या जोडीस दुसराही विचारला जावा, अशी आमची नम्र विनंती आहे. चाऱ्याकरिता एकत्र आणिलेली गुरे साथीपासून कशी राखावयाची? उपासाने जनावर हळूहळू खंगते. साथीने गोठाच्या गोठा आठवड्यात रिकामा होतो.

ही भीती कल्पनेतली नव्हे. १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांत मध्यप्रांत होरपळला. चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या काळी बुळकांडी हे गुरांचे मोठेच मरण असे. १८८७ च्या सुमारास ती इथिओपियात शिरली. बहुतेक गुरे गेली, नांगर थांबले, आणि मागून आलेल्या दुष्काळात असंख्य माणसे मेली. म्हणजे दुष्काळामागून साथ येते, तसा साथीमागूनही दुष्काळ येतो. आपल्या देशात १८८९ साली पुण्यास निघालेली व पुढे मुक्तेश्वरास नेलेली प्रयोगशाळा या रोगांच्या अभ्यासास लागली. १९५४ पासून देशव्यापी मोहीम चालली. २००६ साली भारत व २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त ठरले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय. लस, अटकाव आणि वेळेवर वर्दी यांच्या बळावर हे घडले.

परंतु इतर शत्रू कायम आहेत. लाळ्या-खुरकुताने बैल बहुधा मरत नाही. पण तोंड व खूर फुटून ऐन पेरणीत निकामी होतो, आणि धन्याचे वर्ष बुडते. घटसर्प पावसाच्या तोंडाशी येतो व अशक्त, दमलेल्या गुरांस, विशेषतः म्हशींस, एकदोन दिवसांत नेतो. फऱ्या धडधाकट वासरांस गाठतो. २०२० साली गडचिरोली जिल्ह्यात दिसलेला लम्पी चर्मरोग २०२२ साली महाराष्ट्रभर पसरला, आणि सरकारास गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले. तो माशा, डास व गोचिडांच्या द्वारे फैलावतो. छावणीत या तिन्हींस तोटा नसतो.

अनेक गावांची गुरे एका दावणीस येतात, एका हौदावर पितात, आणि भुकेने त्यांची रोग सोसण्याची शक्ती आधीच गेलेली असते. म्हणून छावणी उघडताना पुढील व्यवस्था अवश्य असावी.

पहिली : नवे जनावर तीन ते चार आठवडे निराळ्या वाड्यात ठेवावे. रोगाची बाधा होऊनही लक्षणे दिसावयास कित्येक दिवस लागतात.

दुसरी : घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी, आणि लाळ्या-खुरकुताची दर सहा महिन्यांनी टोचावी. लस अंगी लागावयास दोनतीन आठवडे जातात. साथ आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. प्रत्येक जनावरास सुई निराळी असावी.

तिसरी : आजाऱ्याची वैरण, पाणी व चाकर वेगळे असावे.

चौथी : मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. मरण आकस्मिक असून नाकातोंडातून काळे रक्त आले असेल, तर ते फाडू नये, कातडेही काढू नये. काळपुळीचे बीज मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते व मनुष्यासही बाधते.

पाचवी : संशय येताच पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. २००९ च्या कायद्याने ते मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे.

ऊर्जानगरच्या परिसरास हे विशेष लागू पडते. एका बाजूस औष्णिक वीज केंद्र व कोळशाच्या खाणी, दुसरीकडे ताडोब्याचे रान. येथील गुरे सकाळी आखरावर जमून एका गुराख्यामागे चरावयास जातात, आणि उन्हाळ्यात पाणवठे आटले म्हणजे गाय, चितळ व गवा एकाच डबक्यावर येतात. गावचा रोग रानात व रानचा गावात जाण्यास ही वाट पुरेशी आहे. मात्र हाच गुराखी आपला पहिला पहारेकरीही आहे. कोणते जनावर मागे राहिले, कोणाची लाळ गळते, हे वैद्याआधी त्याला दिसते. त्याला लक्षणे समजावून द्यावी, आणि वर्दी आणल्याबद्दल त्याचा सत्कार करावा.

जमीनदार सज्जनांस आमची विनंती, की नव्या गुरांच्या वाड्याकरिता एखादे शेत वस्तीपासून दूर द्यावे, आणि आजारी बैल बाजारात काढण्याचा मोह टाळावा. शेजाऱ्याच्या गोठ्यात लोटलेली साथ फिरून आपल्याच दारी येते. व्यापारी बंधूंनी तणीस व कुटार वाहणाऱ्या गाड्या धुवून पाठवाव्या. आणि सर्व दात्यांस हात जोडून एवढेच सांगणे, की देणगीवर "केवळ चाऱ्याकरिता" अशी अट घालू नये. लस, चुना, सुया व रात्रीचा पहारा यांचा खर्च कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, आणि त्यावर दात्याचे नावही कोरले जात नाही. परंतु तो न झाल्यास आपण दिलेला कडबा जनावर मेल्यावर दावणीत तसाच पडून राहतो. पाऊस आल्यावर शेतकऱ्याच्या हाती बैलाची जोडी उरली, तरच दुष्काळ संपला असे म्हणता येईल.