कागदावर जपलेले शहर

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर अल्जिअर्स शहर आहे. जहाजातून पाहिले की टेकडीच्या उतारावर पायरी-पायरीने चढत गेलेली पांढरी घरे दिसतात. उन्हात ती अशी झळकतात की या शहराला ‘शुभ्र अल्जिअर्स’ हे नावच पडले. या जुन्या वस्तीला कसबा म्हणतात. आपल्या मराठी-उर्दूतला ‘कसबा’ही त्याच अरबी शब्दातून आलेला.

बाहेरून ही घरे साधी, जवळजवळ बिनखिडक्यांची. आत शिरले की मधोमध चौक, भोवती कमानी आणि खांब, भिंतींवर रंगीत फरशा. गल्ल्या अरुंद, आणि लाकडी वाशांच्या आधारावर पुढे आलेले वरचे मजले समोरच्या घराला जणू भेटायला निघालेले. सर्वात वर गच्ची. ते बायकांचे राज्य. कामे, गप्पा आणि समोर अथांग समुद्र.

१८३० मध्ये फ्रेंचांनी अल्जिअर्स जिंकले. फौजेसाठी चौक आणि रुंद रस्ते हवेत म्हणून कसब्याचा समुद्राकडचा भाग पाडला. त्यात मशिदीही गेल्या. केचावा मशिदीचे तर चर्च झाले. ती पुन्हा मशीद झाली १९६२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर.

याच कसब्यात १८९६ साली मुहम्मद रासिम यांचा जन्म झाला. घराणे कारागिरांचे. लाकडावरचे कोरीवकाम, तांब्यावरची नक्षी हा पिढीजात धंदा. थोरले भाऊ उमर खत्तात आणि पत्रकार. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंचांनी त्यांना तुरुंगात टाकले. मुहम्मद चौदाव्या वर्षी शाळा सोडून एका सरकारी चित्रशाळेत नकलाकार म्हणून लागले. गालिचे, भरतकाम, तांब्याची भांडी यांवरचे नमुने जसेच्या तसे उतरवायचे, एवढेच काम. पण हात तयार झाला तो तिथेच.

पुढे त्यांनी इराणी आणि आपल्याकडच्या मुघल लघुचित्रांचा अभ्यास केला. त्या बारीक कलमात युरोपीय चित्रातली खोली मिसळली आणि सोन्याच्या रंगाची झालर लावून चित्रे काढली. विषय एकच, जुने अल्जिअर्स. फ्रेंच येण्यापूर्वीचे. बंदरातली शिडांची जहाजे, गच्चीवरच्या बायका, रमजानच्या रात्री दिव्यांनी उजळलेली मशीद आणि माणसांनी फुललेल्या गल्ल्या. त्यांनी स्वतः तो काळ पाहिलेला नव्हता. पाडून टाकलेले शहर त्यांनी उरलेल्या घरांवरून, घरातल्या वस्तूंवरून पुन्हा उभे केले.

त्या काळी युरोपातून अनेक चित्रकार या किनाऱ्यावर येत, ऊन आणि रंग टिपून परत जात. रासिम परत कुठे जाणार? ते रंगवत होते ते त्यांचे घरच होते. १९३३ मध्ये त्यांना अल्जीरियाचा मोठा कलापुरस्कार मिळाला, तोही फ्रेंच राजवटीतच. नंतर तिथल्या कलाशाळेत त्यांनी मुलांना लघुचित्रे शिकवली. १९७५ मध्ये त्यांची आणि त्यांच्या पत्नीची घरातच हत्या झाली. १९९२ मध्ये कसबा जागतिक वारसा ठरला, तरी जुनी घरे ढासळण्याचे थांबलेले नाही. चित्रे मात्र टिकून आहेत.

आम्ही शिक्षक मंडळी वर्गात नेहमी एक गोष्ट पाहतो. मुलांना ‘घर काढा’ म्हटले की सगळी तेच घर काढतात. मागे दोन डोंगर, मध्ये सूर्य, पुढे उतरते छप्पर. स्वतःचे घर कुणी काढत नाही. म्हणून या सुट्टीत एक करू या. नानीच्या किंवा दादीच्या जुन्या घरी गेलो की मुलांच्या हाती कागद-पेन्सिल देऊ. ओटा, कोनाडा, वजूची जागा, दाराची कडी, जे दिसेल ते काढू दे. दादीला शेजारी बसवू; कोनाड्यात पूर्वी काय ठेवत, ते तीच सांगेल. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. ते घर उद्या तिथे असेलच, असे नाही.